कोल्हापूरहून मुंबई, पावणेदोन तासांत

बुधवारी वसंताचं पत्र आलं: 'शुक्रवारी दुपारी चारला आफ्रिकेची बोट आहे.' वसंता माझा धाकटा भाऊ. "समुद्रापार जाशील तर मला आई म्हणू नकोस," असं आई वर्षापूर्वी त्याला म्हणाली, आणि तो मुंबईला निघून गेला. तेव्हापासून दोघं बोललेली नव्हती.

मी पत्र वाचून दाखवलं. आई उठली आणि लुगडं पिशवीत भरायला लागली.

मे अखेरचं उधाण होतं, मुंबईची बोट आमच्या भगवती बंदरात न थांबताच पुढे गेलेली. उद्याची थांबेल असं कुणी छातीठोक सांगेना. म्हणून गुरुवारी पहाटेची कोल्हापूरची मोटार धरली. साखरप्यापर्यंत रस्ता बरा आहे. तिथं चहा चांगला मिळतो, भाकरी मात्र घरून न्यावी. आंबा घाटात मोटार तापून चार तास अडली आणि कोल्हापूरहून मुंबईला जाणारी संध्याकाळची आगगाडी चुकली.

धर्मशाळेत कुणीतरी सांगितलं, सकाळी मुंबईला विमान जातं.

"बसशील?" मी आईला विचारलं.

"त्याची बोट थांबणाराय का आपल्यासाठी?"

तिकीट म्हणजे माझा शाळामास्तराचा महिन्याचा पगार. तोही द्यायला तयार होतो, पण विमानाच्या मैदानावर कळलं, जागा एकच आहे. आईला एकटीला कसं पाठवायचं? आमचं बोलणं ऐकत एक गुळाचे व्यापारी उभे होते. ते पुढं झाले.

"मास्तर, माझं काम उद्या हुईल. तुमचं न्हाई हुनार. माझ्या जागंवर जावा तुमी."

मी त्यांना हात जोडले. सामानासकट प्रत्येकाचं वजन करत होते, त्यात आमची आंब्यांची करंडी जास्त भरली. आईनं ती त्या व्यापाऱ्यांच्या हातात दिली. "लेकरांना द्या," म्हणाली. गडबडीत नाव विचारायचं राहिलं, ते आजही सलतं.

वैमानिक म्हणाला, सरळ रेषेत एकशेऐंशी मैल, पावणेदोन तास. कानात घालायला कापूस मिळतो, तो घ्याच. आवाज फार. पन्हाळा मागं पडला, सह्याद्रीच्या रांगा सरकल्या, मग डावीकडं समुद्राची रेघ दिसली. आईनं माझं मनगट घट्ट धरलं होतं.

जुहूला उतरून धक्क्यावर पोहोचलो तेव्हा दीड वाजला होता. वसंता ट्रंकेवर बसला होता. आईला बघून उभा राहिला, पण जागचा हलला नाही. आईच चालत गेली.

"जेवलास का?"

तो लहान मुलासारखा रडला. पुढचे दोन तास तिनं त्याचा हात सोडला नाही.

उधाण ओसरलं होतं, म्हणून परत आम्ही बोटीनं आलो. आता शाळेत, बाजारात, जो तो विमानाचंच विचारतो. मीही हौसेनं मैल आणि तास सांगतो.

काल शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, "एवढ्या उंचावर भीती नाही वाटली?"

"वर नाही," आई म्हणाली. "खाली उतरल्यावर वाटली. तो माझ्याशी बोलेल की नाही, याची."