ठमाबाईचे दोन वाटे

उरणच्या मासळीबाजारात ठमाबाई कोळीण गिऱ्हाईक बघून भाव सांगायची आणि तिला त्याचा भारी अभिमान होता. लुगडं नि पिशवी पाहिली की झालं. बोय माशांचा तोच वाटा कचेरीतल्या कारकुनाच्या बायकोला, नीराबाईला, आठ आण्यांना. मिठागरावर राबणाऱ्या जनीला चार आण्यांना. "असनाऱ्याकडनं घ्यावं, नसनाऱ्याला सोडावं," म्हणायची. जशी काही देवानेच तिला न्यायनिवाड्याला बसवली होती!

साल त्रेपन्न असेल. एका सकाळी दोघी एकदमच आल्या आणि जनीला सांगितलेला भाव नीराबाईने ऐकला. मग काय विचारता! गावभर बोभाटा झाला. गिऱ्हाइकं शेजारच्या मनुबाईकडे वळली. ठमाबाईला मासळी देणारा होडीवाला धर्माजी स्पष्टच बोलला, "अवसेपत्तर माल उठला न्हाय, तर मासली मनूला." ठमाबाई हादरली. विधवा बाई, दुसरा धंदा ठाऊक नाही.

मग तिने बोयांचे दोन प्रकारचे वाटे मांडले. एक खवलं काढून साफ केलेला, सहा आणे. दुसरा जाळ्यातून आला तसा, चार आणे. सगळ्यांना भाव एकच, घासाघीस नाही. साफ वाटा पैसेवाले उचलणार, हे तिने गृहीतच धरलं होतं.

नीराबाई रागातच आली, पण भाव ऐकून निवळली आणि चार आण्यांचा वाटा घेऊन गेली. तिच्या सासूबाईंना मासळी स्वतःच्या हाताने साफ केल्याशिवाय चैन पडत नसे. पाठोपाठ जनी आली. तिने सहा आणे काढले.

"अगो, तो म्हाग हाय. तुझा ह्यो."

"न्हाय, साफ केलेलाच दे. मिठानं हात फाटल्येत. खवलं काढाया बसलं का नुसती आग व्हते."

जनीने तळवे पुढे केले. इतकी वर्षं स्वस्त देऊन ठमाबाई पुण्य जोडत होती, पण हे हात तिने कधी पाहिलेच नव्हते. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चारच दे," ती हळूच म्हणाली.

"नको. परत बोंब व्हईल, तुझी मासली जाईल. मंग मला साफ करून कोन देनार?"

जनीने सहाच्या सहा आणे मोजून दिले. दुसऱ्या दिवसापासून मिठागरावरच्या बाकीच्या बायकाही येऊ लागल्या. अवसेला धर्माजीने मासळी ठमाबाईच्याच पाटीत ओतली.