डेल्मर आणि डचेसचे गुडघे

डेल्मर स्टेन्सरुडला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, एका लोखंडी शेगडीला पाय फुटलेत आणि ती गावात फिरायला निघाली आहे. मोंटानातल्या आमच्या गावाला रस्ता एकच. त्यावरून ती पत्र्याची शेगडी डुलत डुलत येत होती, धुराडं आभाळाकडे रोखलेलं होतं आणि खरोखरचा धूर निघत होता. कुत्री शेजारच्या तालुक्यात पळाली. चर्चमध्ये चाललेलं लग्न मधेच थांबलं आणि नवऱ्या मुलाने म्हणे ती संधी साधली. शेगडी माझ्यासमोर येऊन थांबली. तिच्याखालून पाइप ओढणारा एक दाढीवाला चेहरा बाहेर आला आणि त्याने विचारलं, "बटाटे सोलता येतात का?"

मी हो म्हणालो. त्या एका शब्दापायी माझे पुढचे सगळे ऑक्टोबर किटली ओढ्यावरच्या शिकारीच्या तळावर गेले.

एरवी वर्षभर डेल्मर लोकांची कुंपणं दुरुस्त करायचा आणि घरात बायकोच्या, व्हर्नेलच्या, हाताखाली राहायचा. ऑक्टोबरात मात्र तो राजा व्हायचा. राज्य खिंडीपलीकडे, खेचरांच्या चालीने पूर्ण दिवसाच्या वाटेवर. प्रजेत मी, गावचा न्हावी ऑर्व्हिस, चार खेचरं आणि डचेस नावाची म्हातारी पांढरी घोडी. डचेसच्या गळ्यात घंटा असायची. खेचरं माणसाचं ऐकत नाहीत, पण घंटेवाल्या घोडीवर त्यांचा आईसारखा जीव असतो. रात्री घोडीला पायबंद घातला की खेचरं मोकळी सोडली तरी तिला सोडून हलत नाहीत.

तंबू ठोकताना डेल्मरचा थाट बघावा. खांब इकडे एक बोट, दोर तिकडे दोन बोटं. एवढ्या काळजीने लोक देऊळ बांधत नाहीत. शेगडी बसली, धुराडं तंबूबाहेर निघालं, ऑर्व्हिसने डांबरासारखी कॉफी उकळली की डेल्मर मोजे सुकत घालून म्हणायचा, "आता व्हर्नेलला माझा पत्ता सापडायचा नाही." मग पत्ते, तव्यावर बटाटे आणि खारवलेलं डुकराचं मांस, आणि ऑर्व्हिसच्या घोरण्यावर टीका. इतकं सुख मला कुठल्याही पक्क्या घरात मिळालेलं नाही.

या सगळ्यात एकच उणं होतं. तंबूशेजारी दोन झाडांमध्ये डेल्मरच्या बापाने एक आडवा वासा बांधला होता, मारलेला एल्क, म्हणजे घोड्याएवढं थोराड हरीण, टांगायला. त्या वाशावर कित्येक वर्षांत आमच्या ओल्या विजारींखेरीज काही लटकलं नव्हतं. एल्क खालच्या कुरणांकडे निघून गेले होते, तिथे शिकारीला मनाई. डेल्मरचे गुडघे चढावर कुरकुरायचे, त्या आवाजाने उरलेले एल्कही सावध व्हायचे, असं ऑर्व्हिसचं मत होतं.

शेवटी व्हर्नेलने अट घातली. यंदा वासा रिकामा राहिला, तर खेचरं नि तंबू विकायचे आणि ॲरिझोनात लेकीकडे राहायला जायचं. लेकीच्या अंगणात म्हणे गवताऐवजी खडी होती. डेल्मरने कबूल केलं आणि त्या वर्षी तो तंबूच्या खुंट्या एखाद्याला पुरावं तशा ठोकत होता.

ऑक्टोबर असूनही थंडीचा पत्ता नव्हता. आम्ही रोज डोंगर चढलो, रोज रिकामे उतरलो. मग एका सकाळी डेल्मर प्रातर्विधीला झाडामागच्या ओंडक्यावर बसला असताना, अस्वलांच्या भीतीने मांडीवर घेतलेली बंदूक तशीच असताना, एक प्रचंड शिंगाळा एल्क ओढ्यावर पाणी प्यायला उतरला. गोळीचा आवाज ऐकून आम्ही धावलो. एल्क पडला होता आणि डेल्मर एका हाताने विजार धरून रडत होता.

दुपारपर्यंत सोललेल्या एल्कचे चारही भाग वाशावर लटकले. वासा वाकला. डेल्मर पुन्हा पुन्हा जाऊन त्याच्याखाली उभा राहायचा, जणू त्याचा फोटो काढला जाणार होता. सकाळी सगळं खेचरांवर लादून निघायचं ठरलं.

संध्याकाळी मी पायबंद घेऊन डचेसकडे निघालो तर डेल्मरने अडवलं. घोडी लंगडत होती. तो तिच्या गुडघ्यांना मलम चोळत होता, आधी तिच्या, मग त्याच डब्यातून स्वतःच्या.

"आज नको बांधूस. दुखतंय तिला."

"अरे, पण गेली तर?"

"हे गुडघे घेऊन कुठे जाणार आहे? मी जातोय का कुठे?"

सकाळी घंटा ऐकू आली नाही. पावलांचे ठसे खिंडीकडे, घराच्या दिशेने गेले होते. पुढे डचेसचे, मागे चार खेचरांचे.

ऑर्व्हिस पायी निघाला. त्याला पोचायला, खेचरं गोळा करून परतायला वेळ लागणारच होता, आणि ऊन जुलैसारखं तापत होतं. पाठीवर मांस नेण्याइतके गुडघे डेल्मरकडे नव्हते आणि त्याला एकट्याला सोडण्याइतकी हिंमत माझ्यात नव्हती. आम्ही तंबू आमच्यावरचा काढला आणि एल्कवर घातला. ऊन सरकेल तसं कापड सरकवलं. माश्या हाकलायला धुरी केली. ओढ्याचं पाणी कापडावर मारलं. डेल्मर दर थोड्या वेळाने हाडाजवळ नाक नेऊन हुंगायचा आणि मला सांगायचा की अजून ठीक आहे. मग त्याने सांगणं बंद केलं.

ऑर्व्हिस आला तेव्हा खेचरांनी लांबूनच वास घेतला आणि जवळ यायला नकार दिला.

घरी कुंपणाच्या फाटकाशी डचेस आरामात ओट खात होती. खेचरं न्यायला आलेल्या ऑर्व्हिसकडून व्हर्नेलला सगळं कळलंच होतं. तिने नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि ती न्यायाने बोलली, "वासा भरला होता ना? मग मी हरले. राहू इथेच."

डेल्मर खेचरावरचं खोगीर उतरवत होता. "आमच्याकडे मांस कुजवणाऱ्याला लोक तंबूत घेत नाहीत," तो म्हणाला. "माझ्या बापानं तर मला दारातही उभं केलं नसतं. लेकीला कळव."

"अरे, घोडी गेली, त्यात तुझा काय दोष?" ऑर्व्हिस म्हणाला.

"ती गेली. मीच म्हणत होतो, तिला जमायचं नाही."

नाताळाआधी ते दोघं ॲरिझोनाला गेले. तंबू ऑर्व्हिसच्या सरपणावर झाकण म्हणून आहे. डेल्मर तिथे तिसऱ्या उन्हाळ्यात वारला. डचेस त्याच्यानंतर चार वर्षं जगली.