बटण दाबा, दहा मोजा

आंदर मावळातल्या एका मावशींवर मी फोनवर असा ओरडलो की आमच्या लोणावळ्याच्या खोलीत शेजारी बसलेल्या भागीदाराने कानांवरचे हेडफोन काढले.

"मावशी, किती वेळा सांगू? डबा नीट बंद करत जा!"

डबा म्हणजे आमचा राउटर. लिनक्स ही मोठी संगणकप्रणाली छाटून छाटून आम्ही दोघांनी त्याच्यापुरती एक छोटी प्रणाली बनवली होती. तिच्या सेटिंग्ज कशा साठवायच्या, हे काम माझं. मावशी घराच्या पुढच्या खोलीत गावाचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायच्या. आठवड्यातून दोनदा तरी डबा लाइनचं नाव, पासवर्ड, सगळं विसरायचा आणि त्यांचं नेट बंद.

"म्या कायबी केलं न्हाई ओ दादा. गडगडलं, म्हून वायर वडली."

परतीच्या पावसाचे दिवस होते. तिकडे ढग वाजला की हातातलं काम टाकून लोक आधी वायरी ओढतात. घरोघरी टीव्ही जळालेत. आणि माझा डबा दर पाच मिनिटांनी सेटिंग्जची जुनी फाइल पुसून त्याच जागी नवी लिहायचा. नेमकी तेव्हा वायर निघाली की जुनी गेलेली, नवी अर्धवट. भागीदार पहिल्या दिवसापासून सांगत होता, दोन प्रती ठेव, नवी पुरती लिहून झाल्याशिवाय जुनीला हात लावू नकोस. मी म्हणालो, "चिपमधली जागा उधळायला ती काय आपल्या बापाची आहे?" मोठा शहाणा ना मी!

तर डबा सुधारायचा सोडून मी मावशींना सुधारायला निघालो. बटण दाबून धरा, दहा मोजा, दिवा विझला की मगच वायर काढा. वर दमही दिला, "लेकीच्या नर्सिंगच्या फॉर्मची उद्या शेवटची तारीख आहे ना? मग एवढं कराच. नेट गेलं तर मला फोन करू नका."

दोन दिवसांनी त्या बाजूला गेलो होतो, म्हणून गाडी त्यांच्या दारात लावली. लेक ओट्यावर होती. फॉर्म वेळेत गेला म्हणाली.

"बघ! नीट बंद केलं की होतं सगळं."

पोरगी उसळलीच. "काय बघ? समोरच्या माळावर वीज पडली. मी आईला मागं वढतीय, आन आई बटनावर बोट दाबून बसलेली. म्हनली, सात झालं, तीन ऱ्हायलं, सोड, दादा वरडत्याल."

"गप गं," मावशी आतून म्हणाल्या. "चा घ्या दादा."

चहा तसाच ओट्यावर ठेवून उठलो. स्वतःची एवढी चीड मला आयुष्यात आली नव्हती. थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. परत आलो आणि दोन प्रतींचं काम हातात घेतलं. दोन दिवस लागले. फक्त दोन दिवस! जागेचं निमित्त करून तेवढे वाचवायला मी एका बाईला विजेखाली बसवलं होतं. भागीदार म्हणाला, "जाऊ दे, झालं ना आता." मी त्याच्यावरही खेकसलो.

नवी प्रणाली घालून डबा मावशींकडे नेला. त्यांच्यासमोर वायर दहा वेळा खसकन ओढली. दहाही वेळा नेट परत आलं.

"आता गडगडलं की सरळ वायर ओढायची, मावशी. बटणाकडे बघायचंसुद्धा नाही."

मावशींनी वायर हातात घेतली, पण ओढली नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"आन मंग तुमी वरडनार न्हाई ना?"