भिकुबाईच्या दारातला सागवानी पूल

साक्रीच्या अंगाला कान नदीवर एक सागवानी पूल आहे. इंग्रजांच्या अमदानीत जंगलातलं लाकूड गाड्यांनी आणायला बांधलेला. पुलाच्या एका तोंडाशी गाव आणि दुसऱ्या तोंडाशी एकच घर, भिकुबाईचं. पूर्वी तिकडेही आळी होती. पण खालच्या अंगाला सिमेंटचा मोठा पूल झाला, रस्ता तिकडे वळला आणि रस्त्यामागे घरंही वळली. भिकुबाई तेवढी राहिली. नवरा वना देवाघरी गेलेला, मुलगा सुरतेला.

त्या पुलाची एक रीत होती. एकेक फळी एकेका घराची. चैत्र लागला की ज्याने त्याने आपल्या फळीला करंजीचं तेल चोळायचं, सैल झालेला खिळा ठोकायचा. नवी सून आली की सासू तिला आधी फळी दाखवायची, मग चूल. हे भिकुबाईच्या इतकं अंगी मुरलेलं की भाकरी थापता थापता ती पावलांवरून ओळखायची, कोण कुणाच्या फळीवर आलं ते. पुढे लोकांनी हात आखडला. मग सगळ्या फळ्यांना तेल लावायचं काम तिच्याकडेच आलं. देवीची सेवा समजून ती ते करायची.

प्रेमराज सरपंच झाला आणि पूल उतरवून लाकडाचा लिलाव करायचं ठरलं. तेवढ्यात जुन्या बांधकामांची पाहणी करणाऱ्या ज्योत्स्नाबाई धुळ्याहून आल्या. भिकुबाईने त्यांना पूलभर फिरवलं.

"ही चिंधाची. ही प्रेमराजची, तीच जास्त कुरकुरते, मालकासारखी."

ज्योत्स्नाबाई हसल्या, मग खाली वाकून लाकडावरून हात फिरवत राहिल्या. "अक्का, जुने पूल खूप पाहिले. पण घराघराने सांभाळलेला हा पहिलाच. याचं मोल त्यातच आहे हो."

त्यांनी खटपट केली. पूल वारसा म्हणून राखायला मंजुरी आली, पण खालचे खांब थकलेले, म्हणून अट एकच. दोन्ही तोंडांना साखळी, आणि कुणाही माणसाचं पाऊल वर पडायचं नाही. गावाने हो म्हटलं तरच.

ग्रामसभेत प्रेमराजने तिलाच उभं केलं. "अक्का, तूच सांग. पूल उतारी टाकसूत, तुले गावमा घर देसूत. शेजार भेटीन, बोलाले मानसं भेटतीन. साखळी लागनी तर तुन्हाकडे कोनी येवाव नई."

भिकुबाईने डोळे मिटले, कानबाई देवीचं नाव घेतलं. शेजार कुणाला नको असतो? पण घराघराचा हात लागलेलं लाकूड करवतीखाली घालायला तिचं मन होईना.

"उभा ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "मी बी पाय ठेवाव नई."

साखळी लागली. भाकरी थापताना आता नुसता तव्याचाच आवाज. पुलावर पाखरं तेवढी उतरत, आणि त्यांच्या पावलांना फळी काही बोलत नाही.

श्रावणात कानबाई बसली. दरसाल बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, देवी पाटावरून, बायकांच्या डोक्यावरून, याच पुलाने भिकुबाईच्या घाटावर विसर्जनाला यायची. त्या दिवशी अंगण पुरायचं नाही. यंदा ढोल मोठ्या पुलाकडे गेला. भिकुबाई साखळीला धरून उभी राहिली. ढोल थांबला तेव्हा तिला कळलं, देवी पाण्यात गेली. तिने उभ्या जागी हात जोडले.

थोड्या वेळाने पलीकडच्या तोंडाशी पुनम आली, प्रेमराजची सून. ओंजळीत नदीची ओली वाळू. विसर्जनाहून परतताना ही वाळू घरी आणायची, घरभर टाकायची. देवी घरात राहते.

"अक्का, व अक्का! तुमन्या वाटानी वाळू शे. या ना!"

"कशी येऊ माय?"

"आते कोन देखस? या पटकन!"

"देखाले कोनी नई. पन मी सभामा हा म्हनेल शे ना."

पुनमलाही पुढे पाऊल टाकवेना. तिने पळसाच्या पानावर वाळू ठेवली, ते पान आपल्याच बाजूच्या साखळीखाली सरकवलं आणि मान खाली घालून ती वळली.

सकाळी देवपूजा आटोपून भिकुबाई मोठ्या पुलाकडे निघाली. गुडघे बोलत होते. अर्ध्या वाटेत मागून चिंधाचा ट्रॅक्टर आला.

"अक्का, पायी पायी कथा चालनी?"

"पूलना तोंडले."

"आरे, तुनं घर पूलना तोंडलेच शे ना!"

"दुसरा तोंडले, भाऊ."

चिंधाने ट्रॅक्टर थांबवून तिला वर यायला हात दिला.