पडद्याकडे पाठ करून सिनेमा बघणारे भाऊजी

अख्ख्या कोल्हापुरात पडद्याकडे पाठ करून सिनेमा बघणारा एकच माणूस होऊन गेला, आणि तो म्हणजे माझे धाकटे दीर. एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. भाऊजी कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. पुस्तकातलं इंग्रजी डोक्यात शिरतं पण अंगात मुरत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून दर रविवारी सकाळच्या इंग्रजी खेळाला पोरापोरींची पलटण घेऊन निघायचे, आणि पोरी आहेत म्हणून सोबतीला मी. मला इंग्रजीचं ओ की ठो कळत नसे, पण तिथल्या भाजक्या शेंगा झकास असायच्या. पडद्यावर कुणी चहा ओतला की भाऊजी अंधारात ताडकन उभे, पाठ पडद्याकडे, तोंड पोरांकडे! "बघा, दूध आधी का नंतर?" मागनं ओरडा व्हायचा, "ओ मास्तर, बसा की खाली! हिरॉईन दिसंना झाली!"

वर आणि गृहपाठ. सिनेमातल्या घरात जे बघाल, ते आठवडाभर आपल्या घरी करायचं. कसबा बावड्याच्या सुमननं, गुणाची पोर ती, हे भलतंच मनावर घेतलं. सताड उघड्या दारावर टकटक करून उंबऱ्याबाहेर उभी राहिली. आईनं भाकरी वाढली, तर म्हणाली, "थँक्यू." आई बिचारी जेवलीच नाही. दुसऱ्या दिवशी म्हशींच्या धारा उरकून सुमनचे वडील थेट आमच्या दारात. "मास्तर, आभार मानायला आई काय परकी हाय व्हय? घरातल्या घरात लेक पावणी झाली माझी. उद्यापासनं कॉलेज बंद!"

मागं सुमन उभी, डोळे डबडबलेले. भाऊजींचा चेहरा एवढासा झाला. "येत्या रविवारी तुम्ही स्वतः या," ते म्हणाले. "बघा, आणि मग काय ते ठरवा."

आले की! पटका बांधून, माझ्या आणि भाऊजींच्या मधे ताठ बसले. सिनेमात एक मुलगी नोकरीसाठी परगावी निघालेली. गाडी हलली, तरी तिचा म्हातारा बाप फलाटावर नुसता हातातली टोपी झटकत उभा. भाऊजी समजावून सांगायला उठले, तसं सुमनच्या वडिलांनी शर्टाला धरून त्यांना खाली ओढलं.

"बसा वो मास्तर. कळालंया मला."

आणि पटक्याच्या शेवानं डोळे पुसले.

बाहेर आल्यावर लेकीला एवढंच म्हणाले, "उद्या येळंवर जा कॉलेजाला. आईला मी सांगतो."

एरवी सिनेमा सुटला की घरापर्यंत भाऊजींचा तास चालायचा. त्या दिवशी भवानी मंडप मागं पडला तरी तास सुरू होईना. मलाच करमेना. म्हटलं, "भाऊजी, त्या फलाटावरच्या बापाचं पुढं काय झालं, सांगा की."

"घरी गेला असेल, वहिनी. एकटाच," ते म्हणाले. "ते काही दाखवलं नाही त्यांनी."