भाऊंचं हार्डनिंग

अस्थिमज्जा बदलल्यावर थोरले भाऊ रावेरला मळ्यावर गेले नाहीत, शहरात मेहरूणला माझ्याकडे आले. मळा, माती, माणसं, सगळंच त्यांना बंद होतं. मी नियम लिहून दारावर चिकटवले: चपला जिन्यात, हात साबणाने, फुलं आणू नयेत. रावेरहून आलेले पाहुणे ते वाचून खालच्या टपरीवर चहा पिऊन परत जात.

"अंतराळवीरांनाही उड्डाणाआधी असंच वेगळं ठेवतात," तपासणीच्या वेळी डॉक्टर म्हणाले. "वर गेल्यावर शरीराची राखण ढिली पडते. लहानपणच्या कांजिण्यांचे विषाणू नसांमध्ये निजलेले असतात, ते उठू शकतात. तुमची राखण सध्या तशीच ढिली आहे."

"मी बऱ्हाणपूरच्या पुढं गेलो नाही," भाऊ म्हणाले, "अन् तुम्ही मले एकदम वरच पाठवता!"

घरी आल्यावर मात्र त्यांनी विचारलं, "खाली आल्यावर त्या लोकांची ताकद परत येते?"

"बहुतेकांची येते. हळूहळू."

"मंग टिश्यूच्या रोपासारखंच म्हण."

केळीची ती रोपं प्रयोगशाळेत, बाटलीत वाढतात. जंतू कधी पाहिलेले नसतात. थेट शेतात लावली तर तग धरत नाहीत, म्हणून आधी जाळीखाली ठेवून बाहेरच्या हवेची सवय लावतात, हार्डनिंग करतात. आपलंही तेच चाललंय, असं भाऊंनी ठरवून टाकलं. दसऱ्यानंतरच्या लागवडीला ते मळ्यात असणार होते. पुतण्याने पिशवीतलं एक रोप आणलं. मातीमुळे मी ते गॅलरीत, काचेपलीकडे ठेवलं. भाऊ पलंगावरून त्याच्याकडे बघत बसत.

एका सकाळी सदरा चढवताना ते कळवळले. कमरेवर फोडांचा पट्टा उठला होता. नागीण. वहिनी फोनवर रडत म्हणाल्या, "गेरू लावा, तिचं तोंड-शेपूट जुळू देऊ नका." मी रिक्षा बोलावली. लहानपणी आम्हा दोघांना कांजिण्या एकदमच आल्या होत्या. आई एकाच अंथरुणावर कडुलिंबाचा पाला पसरून निजवायची. माझ्यातल्या अजून निजलेल्या आहेत.

दवाखान्यातून ते आणखी वाळून आले. मळ्याचं नाव डॉक्टरांनी काढूच दिलं नाही.

लागवडीच्या दिवशी पुतण्या आला. त्याने भाऊंना विचारलं,

"हे रोप राहू देऊ का, आबा?"

"घेऊन जाय. त्याचं झालं हार्डनिंग."

भाऊंनी भिंतीकडे कूस वळवली. गॅलरीच्या फरशीवर पिशवीचा ओला गोल राहिला होता, तो मी फिनाईलने पुसला. दारावरचा कागद कडांना फाटला होता. तोच मजकूर नव्या कागदावर लिहून पुन्हा चिकटवला.