ओपन हाउसला येणारे डॉक्टर

इथे परदेशात, आमच्या मिल्टन गावच्या लायब्ररीत आमचा एक वाचनगट होता. सगळे निवृत्त. त्या हिवाळ्यात आम्ही अमेरिकेतल्या लहान गावांच्या गोष्टी वाचत होतो. माणसं एकेक विचित्र. कुणी लग्नाचा सूट घालून रोज स्टेशनवर जातो, कुणी बाहुलीला जेवू घालते. गावभर हसं झालेली, आतून पार एकटी. गटातल्या एक बाई म्हणाल्या, "लेखकाने जरा जास्तच वाकडी केलीत. असं कोणी नसतं."

गटात मराठी आम्ही दोघंच, मी आणि एक वयस्कर डॉक्टर. पन्नासएक वर्षांपूर्वी नागपूरहून आलेले, हाडांचे सर्जन. अजूनही सूट, टाय, चकचकीत बूट. गटात ते क्वचितच बोलत. त्या दिवशी पार्किंगमध्ये मी काचेवरचा बर्फ खरवडत होते, तर जवळ येऊन म्हणाले, "वहिनी, त्या गावांत निदान हसायला तरी लोक होते. आमच्या गल्लीत मला कोण ओळखतं?"



त्यांच्या पत्नीला जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगी व्हँकूव्हरला. इथल्या मराठी मंडळात त्यांच्यावर एक विनोद चाले: डॉक्टर दर रविवारी विकायला काढलेली घरं बघत हिंडतात, घेत मात्र एकही नाहीत. गणपतीच्या कार्यक्रमात एकाने त्यांची नक्कलसुद्धा केली, टाय सारखा करत नळ उघडून बघण्याची. डॉक्टर त्या दिवशी आले नव्हते, एवढंच बरं.

हिवाळा सरल्यावर आम्ही आमचं घर विकायला काढलं. गुडघ्यांना जिने झेपेनात, म्हणून लिफ्टच्या इमारतीतला फ्लॅट, कॉन्डो, घ्यायचा होता. ओपन हाउस, म्हणजे कोणीही येऊन घर बघून जायची वेळ, असताना घरच्यांनी घरात थांबायचं नसतं, म्हणून मी आणि हे जवळच कॉफी पीत बसलो होतो. घर विकून देणाऱ्या आमच्या एजंटचा, एका पंजाबी मुलीचा, फोन आला. "आंटी, वेळ संपली, सगळे गेले. एक अंकल किचनमध्ये बसलेत, ते उठतच नाहीत."

जाऊन बघते तर डॉक्टर. आमच्याच टेबलाशी, पुढ्यात तिने दिलेली कुकी. मला बघून त्यांचा चेहरा उतरला.

"हे अंकल सगळीकडे येतात," ती कौतुकाने म्हणाली. "यांच्या मिसेसना चांगलं किचन हवंय. पुढच्या रविवारी घेऊन येणार आहेत त्यांना."

डॉक्टर टेबलाकडे बघत राहिले. सवाष्ण गेली म्हणून त्यांच्या मिसेसच्या कपाळाला शेवटचं कुंकू मीच लावलं होतं.

"आणा ना," मी म्हणाले. "दुपारी उजेड छान येतो इथे."

मी त्यांना घरी सोडायला निघाले. गाडीत त्यांनी टाय सारखा केला. मग म्हणाले, "रविवारी कोणीतरी दार उघडून 'या' म्हणतं, वहिनी. विचारतं, घरी कोण कोण असतं? मग मला तिच्याबद्दल बोलता येतं."

"आमच्याकडे या ना, डॉक्टर. जेवायलाच या."

आले. नव्या कॉन्डोत दोनदा आले. मी भरली वांगी केली, ह्यांनी क्रिकेटचा विषय काढून पाहिला. डॉक्टर नीट जेवले, "छान झालंय" म्हणाले, आणि घाईघाईने निघाले. आम्हाला सगळंच ठाऊक होतं. आमच्या लेखी त्यांची पत्नी गेलेलीच होती. तिसऱ्यांदा बोलावलं तेव्हा म्हणाले, "या रविवारी जरा घरं बघायची आहेत." मी आग्रह केला नाही.

गेल्या नोव्हेंबरात ते झोपेतच गेले. मुलगी आली. अंत्यदर्शनाला फ्युनरल होममध्ये मंडळातले आम्ही मोजके होतो, आणि मागच्या रांगेत कोणाच्याच ओळखीचे नसलेले चार-पाच जण, काळ्या कोटांत. ते सगळे एजंट. आमची ती पंजाबी मुलगीही होती; मी तिला कळवलं होतं, तिने बाकीच्यांना. डोळे पुसत मला म्हणाली, "आंटी, त्यांच्या मिसेस कुठे आहेत? मला भेटायचं होतं त्यांना."

डॉक्टरांची मुलगी शेजारीच उभी होती. तिने ऐकलं. "व्हॉट डझ शी मीन, काकू?"

मी जमेल तसं सांगितलं. रविवार, घरं, किचन. ती खुर्चीत बसली.

"मी दर रविवारी फोन करायचे," ती अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत म्हणाली. "बाबा म्हणायचे, आज बिझी आहे, लोकांना भेटायचंय. मला बरं वाटायचं."

 मग ती पंजाबी मुलगी तिच्यासमोर खाली बसली. "ते म्हणायचे, तिला खिडकीत तुळशीला ऊन हवं. आणि ओटा बुटका हवा, नाहीतर पोळ्या लाटताना तिचे खांदे दुखतात."

"दुखायचे," डॉक्टरांची मुलगी म्हणाली. "आई अगदी एवढीशी होती." तिने हाताने उंची दाखवली, आणि हात तसाच हवेत राहिला. "आणखी काय सांगायचे?"

मागच्या रांगेतले एकेक करून पुढे आले.